त्रिनिदादची पहिली वारी: तिकीट काढण्याआधी आणि नंतर

भारतीय पासपोर्ट असेल तर त्रिनिदाद-टोबॅगो या कॅरिबियनमधल्या दोन बेटांच्या देशात पर्यटक म्हणून ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. माहिती खरी आहे, पण लोक गोत्यात येतात ते नेमके याच माहितीमुळे. व्हिसा नको म्हटल्यावर माणूस स्वस्तातलं तिकीट शोधतो, पैसे भरून मोकळा होतो, आणि मग कळतं की विमान ज्या देशात बदलायचं आहे त्याचा व्हिसा लागतो. लशीचं कळतं ते आणखी उशिरा. म्हणून या सहलीची तयारी उलट्या क्रमाने करायची: आधी परतीचा प्रवास, मग वाट, मग तारखा, आणि हॉटेल-समुद्रकिनारे सगळ्यात शेवटी.

हेच बेट का, हे आधी ठरवा

पांढरी वाळू, निळं पाणी आणि दिवसभर आरामखुर्ची एवढंच हवं असेल तर त्रिनिदादला जाऊ नका. बार्बाडोस किंवा अँटिग्वा बघा, नाहीतर थेट टोबॅगोला जा. त्रिनिदाद हे कामाधंद्याचं बेट आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून ते जेमतेम ११ किलोमीटरवर आहे आणि देशाचं पोट तेल आणि नैसर्गिक वायूवर चालतं, पर्यटनावर नाही. त्यामुळे पाहुण्यांसाठी सगळं आयतं मांडून ठेवलेलं नसतं. पाट्या कमी, बसचं वेळापत्रक लवचीक, आणि बघण्यासारख्या अनेक जागी तिकीटखिडकीसुद्धा नसते. पण म्हणूनच तिथलं रोजचं आयुष्य फार जवळून बघायला मिळतं.

देशाची लोकसंख्या साधारण १४ लाख. त्यातले एक तृतीयांशाहून थोडे जास्त भारतीय वंशाचे, जवळपास तितकेच आफ्रिकी वंशाचे, बाकी मिश्र आणि इतर. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाच्या जहाजातून ऊसमळ्यांवर राबायला आणलेले पहिले भारतीय मजूर इथे उतरले. १९१७ पर्यंत हा आकडा १ लाख ४० हजारांच्या पुढे गेला. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे, कलकत्त्याहून चढलेले, काही मद्रासहून. मराठी माणसाचा धागा या इतिहासात जवळजवळ नाही. आपला धागा क्रिकेटचा आहे, आणि तो पक्का आहे. १९७१ च्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. गोव्यात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंचं शतक आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७ धावा, सगळं याच मैदानावरचं. त्याच मालिकेत गावसकरांनी इथेच १२४ आणि २२० केल्या. तुमच्या घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना ‘पोर्ट ऑफ स्पेन’ एवढंच म्हणून बघा.

वाट: ट्रान्झिट व्हिसा हाच खरा व्हिसा

भारतातून थेट विमान नाही. एक तरी थांबा, बहुधा दोन. वाटा मुख्यतः अशा:

अमेरिकेमार्गे (न्यूयॉर्क, मायामी, ह्यूस्टन) विमानं सर्वात जास्त. मात्र अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं, म्हणजे व्हिसा हवाच. तुमच्याकडे दहा वर्षांचा बी१/बी२, म्हणजे पर्यटन-व्यवसायाचा, व्हिसा असेल तर हीच वाट धरा, दुसरीकडे बघूही नका. नसेल तर केवळ त्रिनिदादसाठी तो काढायच्या भानगडीत पडू नका. मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत सहलीचा उत्साह मावळतो.

लंडनमार्गे जायचं तर भारतीयांना विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा वगैरेचा वैध व्हिसा असेल तर काही अटींवर सूट मिळते. इथे एक बारीक खाच आहे: मुंबईहून येणारं विमान हीथ्रोला उतरतं, आणि कॅरिबियनकडे जाणारी बरीच विमानं गॅटविकहून सुटतात. विमानतळ बदलायचा म्हणजे देशात प्रवेश करायचा, म्हणजे वेगळा व्हिसा. तिकिटावर दोन्ही ठिकाणी नुसतं ‘लंडन’ दिसतं, त्यामुळे विमानतळाचं नाव मुद्दाम वाचा.

टोरांटोमार्गे जाताना कॅनडाचा व्हिसा लागतो. ॲमस्टरडॅमची वाट मधूनमधून सोयीची असते, पण वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं जोडून वीस-पंचवीस हजार वाचतात हे खरं. पण पहिलं विमान उशिरा आलं की दुसरी कंपनी हात वर करते, आणि सामान उचलून पुन्हा द्यायचं असेल तर ट्रान्झिट व्हिसाचं गणितही फिरतं. पैसे भरण्याआधी विमान कंपनीला हा पूर्ण मार्ग सांगून ‘भारतीय पासपोर्टवर कुठे काय लागतं’ हे लेखी विचारा. त्रिनिदादच्या प्रवेशाचे नियमही त्याच आठवड्यात नवी दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून पडताळून घ्या. व्हिसामाफीच्या याद्या इंटरनेटवर वर्षानुवर्षं तशाच पडून असतात.

पिवळ्या तापाची लस: परत येण्यासाठी

ही गोष्ट ट्रॅव्हल एजंटही विसरतात. भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याकडे लशीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून सरळ विलगीकरणात जावं लागू शकतं, सहा दिवसांपर्यंत. नुसता विमान बदलण्यापुरता थांबा असला तरी अधिकारी विचारतात. रोग आहे की नाही, तुम्हाला डास चावला की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. कार्ड आहे का, एवढंच.

लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळाचं आणि बंदराचं आरोग्य कार्यालय ती देतं. केंद्रांची पूर्ण यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे असते. ठरावीक वारीच लस देतात आणि नंबर लावावा लागतो, म्हणून महिनाभर आधी हे काम उरका. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि ते आयुष्यभर चालतं. कार्डावर पासपोर्ट क्रमांक लिहितात, त्यामुळे मूळ पासपोर्ट बरोबर न्या आणि पासपोर्टचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर ते आधी करून घ्या.

साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायला हवं. ही जिवंत विषाणूची लस आहे. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर हा प्रश्न तिकिटाच्या आधी सोडवा.

कधी जायचं

जानेवारी ते मे कोरडा काळ, जून ते डिसेंबर पावसाळा. मोठी चक्रीवादळं बहुधा उत्तरेकडून निघून जातात. त्रिनिदाद दक्षिणेला असल्याने त्याला तडाखा क्वचित बसतो. तापमान वर्षभर २३ ते ३२ अंशांच्या आसपास, आणि घामाची सवय असलेल्या मुंबईकराला त्यात काही नवं नाही.

तारखा ठरवताना हवामानापेक्षा सण बघा. कार्निव्हल म्हणजे ॲश वेन्सडेच्या (ख्रिश्चनांच्या लेंट या उपवासकाळाचा पहिला दिवस) आधीचे सोमवार-मंगळवार, फेब्रुवारी किंवा मार्चच्या सुरुवातीला. सोमवारी पहाटे अंधारात अंगाला चिखल आणि रंग फासून लोक रस्त्यावर उतरतात, त्याला ‘जूव्हे’ म्हणतात. मंगळवारी पिसांचे आणि मण्यांचे पोशाख घातलेले हजारोंचे जथे. आदल्या शनिवारी स्टीलपॅन वाद्यवृंदांची अंतिम स्पर्धा. तेलाच्या पिंपांपासून घडवलेलं हे वाद्य याच बेटावर जन्मलं. पण पहिलीच वारी असेल तर कार्निव्हलला जाऊ नये असं माझं मत आहे. खोल्यांचे भाव कित्येक पटींनी वाढतात, पोशाखासह पथकात सामील व्हायचं तर महिनोन्महिने आधी नाव द्यावं लागतं, आणि रस्ते बंद असल्याने बाकी बेट बघणं होत नाही. त्यापेक्षा कार्निव्हलच्या दोन-तीन आठवडे आधी जा. तेव्हा वाद्यवृंद आपापल्या अंगणात, म्हणजे ‘पॅनयार्ड’मध्ये, रात्री तालीम करतात. तिथे जाऊन उभं राहायचं, थंड पेय घ्यायचं आणि ऐकायचं. शंभर वादक एकच ओळ पुन्हापुन्हा घासत असतात.

दुसरा पर्याय दिवाळी. तिथे ती राष्ट्रीय सुट्टी आहे. दिवाळीच्या आधीच्या काही रात्री चग्वानस शहराजवळ ‘दिवाळी नगर’ भरतं. तिथे मद्य आणि मांस चालत नाही. दिवाळीच्या संध्याकाळी फेलिसिटी गावात बांबू चिरून, वाकवून त्यांच्या कमानी करतात आणि त्यावर मातीच्या पणत्यांच्या रांगा. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, म्हणून गावाबाहेर गाडी लावून चालत जा. पाऊस मात्र असू शकतो.

मार्च ते ऑगस्ट हा लेदरबॅक समुद्री कासवांचा अंडी घालण्याचा काळ. कासवं बघायची असतील तर एप्रिल-मे उत्तम: पाऊस नाही, कासवं भरपूर.

पैसे आणि खर्च

चलन त्रिनिदाद-टोबॅगो डॉलर, बोलीत ‘टीटी’. एका अमेरिकन डॉलरला पावणेसातच्या आसपास टीटी मिळतात आणि हा दर बरीच वर्षं फारसा हललेला नाही. भारतातून अमेरिकन डॉलर आणि एक फॉरेक्स कार्ड न्या. रुपये तिथे कोणी घेत नाही. देशात परकीय चलनाची टंचाई आहे, त्यामुळे उरलेले टीटी निघताना पुन्हा डॉलरमध्ये बदलून मिळतीलच असं नाही. थोडे थोडेच बदला.

किंमत सांगताना ‘डॉलर’ म्हटलं की टीटी की अमेरिकन, हे टॅक्सीत बसण्याआधी विचारा. फरक जवळजवळ सातपट आहे.

खर्चाचा मोठा वाटा विमानाचा. राहणं मुंबईच्या मधल्या दर्जाच्या हॉटेलपेक्षा महाग, रस्त्यावरचं खाणं स्वस्त, आणि गाडीभाडं तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघेल असं धरून चाला.

मुक्काम कुठे

पहिल्या चार-पाच रात्री पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिम आणि उत्तर भागात: वुडब्रुक, सेंट क्लेअर, न्यूटाउन किंवा सेंट ॲन्स. इथून क्वीन्स पार्क सव्हाना हे अडीचशे एकरांहून मोठं मैदान जवळ पडतं, ओव्हल चालत जाण्याजोगं आणि जेवणाखाण्याची एरियापिटा ॲव्हेन्यू हाताशी. शहराच्या पूर्वेकडची स्वस्त खोली नकाशावर मध्यवर्ती दिसली तरी घेऊ नका. घरगुती गेस्टहाउस हॉटेलपेक्षा बरं, कारण मालकीणबाई ओळखीचा टॅक्सीवाला देतात, आणि या बेटावर ओळखीचा टॅक्सीवाला ही अर्धी सोय आहे.

इमिग्रेशनला राहण्याचा पूर्ण पत्ता, परतीचं तिकीट आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा विचारतात. छापील प्रती ठेवा. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचा पत्ता आणि फोन लिहून न्या; ‘ते घ्यायला येणार आहेत’ हे उत्तर पुरत नाही.

बॅगेत काय नको

लष्करी छापाचे, म्हणजे कॅमफ्लाज, कपडे त्रिनिदादमध्ये नागरिकांना बेकायदा आहेत. लहान मुलाची टोपी असली तरी नको. वीज ११५ व्होल्ट, अमेरिकन चपट्या पिनांची. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, आपल्याकडची इस्त्री किंवा पाणी तापवायची कांडी चालत नाही. डासांचं मलम, पातळ पूर्ण बाह्यांचे कपडे, चढ-उताराला चालतील असे बूट. भाषा इंग्रजी. नावं रामलखन आणि सावित्री असली तरी हिंदी कोणी बोलत नाही. हिंदीत सुरुवात करून समोरच्याला अवघडवू नका.

उतरल्यावर

पियार्को विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. बहुतेक विमानं संध्याकाळी किंवा रात्री पोचतात. पहिल्या रात्री गेस्टहाउसकडूनच गाडी मागवा किंवा अधिकृत टॅक्सीच्या रांगेत उभे राहा. तिथे दरफलक असतो. भाड्याने चालणाऱ्या गाड्यांची नंबरप्लेट ‘एच’ अक्षराने सुरू होते. ‘पी’ म्हणजे खासगी. तिच्यात बसू नका, चालक कितीही गोड बोलला तरी. सिमकार्ड डिजिसेल किंवा बीमोबाइलचं.

घड्याळ साडेनऊ तास मागे: मुंबईत रात्रीचे नऊ तेव्हा तिथे सकाळचे साडेअकरा. पहिला दिवस मोकळाच ठेवा. सव्हानाभोवती एक फेरी, पश्चिम कडेला ओळीने उभे असलेले सात जुने वाडे, १८१८ सालचं वनस्पती उद्यान, आणि शहाळंवाला दिसला की थांबायचं.

दुकानात, टॅक्सीत, रांगेत शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, मग काम सांगायचं. न म्हणता थेट भाव विचारला तर उत्तर मिळतं, पण कोरडं. संध्याकाळी भेटल्यावर ‘गुड नाइट’ म्हणतात; तुम्हाला घालवून देत नाहीत, स्वागत करत आहेत.

फिरण्यासाठी ‘मॅक्सी’ म्हणजे ठरावीक मार्गावरच्या मिनीबस. अंगावरच्या पट्ट्याचा रंग मार्ग सांगतो: पिवळा पोर्ट ऑफ स्पेन आणि पश्चिमेकडचा, लाल पूर्वेकडचा, हिरवा दक्षिणेकडचा, निळा टोबॅगोचा. शहरातला मुख्य तळ ‘सिटी गेट’, जुन्या रेल्वे स्टेशनात. दिवसा मॅक्सीने जरूर फिरा. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भाड्याने गाडी घेणं शक्य आहे. आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर न्या आणि तुमचा भारतीय परवाना चालेल का, हे गाडी देणाऱ्या कंपनीला आधीच विचारा. उत्तरेकडचे डोंगररस्ते अरुंद आहेत. सॅन फर्नांडोला जायचं तर रस्त्यावरच्या कोंडीपेक्षा वॉटर टॅक्सी, पाऊण-एक तासाची.

खाणं: इथे घाई करू नका

सकाळी सातला कोपऱ्यावर गर्दी दिसली की समजा, डबल्सवाला आहे. हळद घातलेल्या पिठाच्या तळलेल्या दोन मऊ पुऱ्या, त्यांना ‘बारा’ म्हणतात. त्यांवर पातळसर रस्स्यातले छोले. वरून काकडी, चिंचेची चटणी, कुचला म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं, आणि मिरचीचं सॉस. हे सगळं कागदावर मांडून, कागदाची दोन टोकं पीळ देऊन गिऱ्हाइकाच्या हातात पडायला विक्रेत्याला काही सेकंद लागतात. तिखट विचारतात तेव्हा ‘स्लाइट’ म्हणा. कोल्हापूरचे असलात तरी पहिल्या दिवशी ‘स्लाइट’च म्हणा, ही मिरची वेगळी आहे, जिभेला थोड्या उशिरा कळते. चमचा नाही, टेबल नाही. उभ्यानेच, पुढे वाकून, तुटलेल्या बाऱ्याने छोले गोळा करत खायचं. पैसे शेवटी, किती खाल्ले ते तुम्ही सांगायचं. एका डबल्सला पाच-सहा टीटीच्या आसपास पडतात आणि एकावर कोणी थांबत नाही.

दुपारी रोटीचं दुकान. ‘धालपुरी’ म्हणजे भरडलेल्या डाळीचं सारण भरलेली मोठी, पातळ रोटी. ‘बस-अप-शट’ म्हणजे तव्यावरच आपटून चुरगाळलेला पदरी पराठा. सोबत भाज्या निवडायच्या: भोपळा, बोडी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, बटाटा-छोले, भाजी म्हणजे पालेभाजी, भाजलेल्या वांग्याचा किंवा टोमॅटोचा ‘चोखा’. शाकाहारी माणसाला कॅरिबियनमध्ये इतकी सोय दुसरीकडे सापडणं कठीण. तरी नुसतं ‘व्हेजिटेरियन’ न म्हणता ‘नो मीट, नो फिश’ असं स्पष्ट सांगा. काललू ही हिरवी, घट्ट भाजी दिसायला निरागस, पण तिच्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस असू शकतं.

मांसाहारींना बदकाची करी आणि पेलाव म्हणजे मांस घालून शिजवलेला भात आहेच. माराकास किनाऱ्यावरचं ‘बेक अँड शार्क’, म्हणजे तळलेल्या पावात तळलेला शार्क, प्रसिद्ध आहे, पण शार्कची अतोनात मासेमारी झाली आहे. त्याच टपरीवर दुसऱ्या माशाचं मागा, चवीत काही हरवत नाही. बाजारात ‘कुर्मा’ दिसेल: आल्याची चव असलेली, साखरेच्या पाकात घोळलेली जाड शंकरपाळी. प्रवासात टिकते, घेऊन ठेवा.

चार दिवस कसे लावायचे

वॉटरलू-कारापिचाइमाचा दिवस सर्वात आधी लावा. शहरापासून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता, चालकासह गाडी दिवसभरासाठी ठरवलेली बरी. वॉटरलूला समुद्रात एक देऊळ आहे. सिवदास साधू नावाच्या ऊसमळ्यातल्या मजुराने १९४७ च्या सुमारास किनाऱ्यावर ते बांधायला घेतलं. जमीन साखर कंपनीची निघाली, देऊळ पाडलं गेलं आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं. मग त्यांनी ठरवलं की समुद्र तरी कोणाच्या मालकीचा नाही. सायकलला बादल्या अडकवून दगड-सिमेंट वाहत, ओहोटीच्या वेळी भर टाकत त्यांनी पंचवीसेक वर्षं एकट्याने काम केलं. सध्याची वास्तू १९९५ मध्ये सरकारने उभारली. भरती-ओहोटी दोन्ही वेळी जाता येतं, पण खरी कल्पना ओहोटीला येते, जेव्हा चिखल उघडा पडतो आणि हे किती सपाट, किती उघड्यावरचं काम होतं ते दिसतं. शेजारीच अंत्यविधीचा घाट आहे. चितेचे फोटो काढू नका.

तिथून जवळच कारापिचाइमाला दत्तात्रेय योग केंद्र. म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं, दाक्षिणात्य शिल्पशैलीतलं, आणि बाहेर ८५ फुटी हनुमान. गाणगापूर-नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या घरातल्या माणसाला पृथ्वीच्या त्या टोकाला दत्ताची मूर्ती भेटते, त्याचं काय वाटायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. चपला बाहेर, गुडघ्याखालपर्यंत कपडे.

परतताना दुपारी चारच्या आत करोनी खाजणात पोचा. बोटी त्या सुमारास सुटतात, फेरी दोनेक तासांची. जागा आदल्या दिवशी फोनवर राखून ठेवा. कांदळवनाच्या अरुंद खाड्यांतून बोट हळूहळू जाते, नावाडी फांदीवर वेटोळं घालून बसलेला साप दाखवतो, आणि शेवटी उघड्या पाण्यावर बोट बांधून इंजिन बंद होतं. मग स्कार्लेट आयबिस येऊ लागतात. आधी दोन-तीन, मग रांगा. रंग असा की फोटोत छेडछाड केल्यासारखा वाटतो. खेकडे-कोळंबीतल्या रंगद्रव्यामुळे पिसं लाल होतात. हिरवं बेट अंधार पडेपर्यंत ठिपक्याठिपक्याने लाल होत जातं. दुर्बीण न्या, मोबाइलच्या कॅमेऱ्यात हे सगळं मिरच्यांसारखं बारीक दिसतं. डासांचं मलम बोटीत चढण्याआधी लावा.

दुसऱ्या दिवशी ला ब्रेआचं पिच लेक: सुमारे १०० एकरांचं नैसर्गिक डांबराचं तळं, जगातलं सर्वात मोठं. १५९५ मध्ये वॉल्टर रॅलेने आपली गळकी जहाजं याच डांबराने लिंपली. पहिल्या नजरेला ते पार्किंगच्या मैदानासारखं दिसतं आणि लोक हिरमुसतात. स्थानिक वाटाड्याबरोबरच आत जा. कुठे पाय रुततो ते त्यालाच माहीत. जुने बूट घाला.

तिसरा दिवस उत्तर किनाऱ्याला, माराकास. लाटा जोरदार असतात, खेचणारे प्रवाह आहेत. जीवरक्षकांच्या झेंड्यांच्या मध्येच पोहा. चौथा ओव्हलसाठी, सामना असो वा नसो. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर कॅरिबियन प्रीमियर लीगचं वेळापत्रक बघा.

कासवांसाठी माटुरा किंवा ग्रँड रिव्हिएरला रात्री जावं लागतं. हंगामात या किनाऱ्यांवर परवाना सक्तीचा आहे आणि गावातल्या संस्थांचे वाटाडेच नेतात. पांढरा टॉर्च आणि फ्लॅश बंद. ग्रँड रिव्हिएर लांब आहे, तिथेच रात्र काढा.

टोबॅगोला तीन रात्री

विमानाने वीस-पंचवीस मिनिटं, फेरीबोटीने साडेतीन तासांच्या आसपास. फेरी स्वस्त, पण खाडीबाहेर पडली की समुद्र खवळतो. बोट लागत असेल तर गोळी आधी घ्या. इस्टर आणि कार्निव्हलनंतरच्या दिवसांची तिकिटं लवकर संपतात. टोबॅगोतून परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशीच त्रिनिदादला परत या, त्याच दिवशी नको.

राहायला क्राउन पॉइंट सोयीचं, कास्तारा शांत. पिजन पॉइंटचा किनारा, बुकू रीफ, आणि समुद्राच्या मध्यात कमरेएवढ्या पाण्याचा नायलॉन पूल. प्रवाळावर पाय देऊ नका, वाटाड्याने दिला तरी. एक दिवस मेन रिज जंगलासाठी: १७७६ मध्ये पावसासाठी कायद्याने राखलेलं, पश्चिम गोलार्धातलं सर्वात जुनं संरक्षित वन.

सुरक्षिततेबद्दल, आडपडदा न ठेवता

टोळ्यांची हिंसा हा तिथला खरा प्रश्न आहे. २०२४ मध्ये एवढ्याशा देशात सहाशेहून जास्त खून झाले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. पर्यटक सहसा या टोळीयुद्धात सापडत नाही, पण चोरी-लूटमारीची भीती आहे. तिकीट काढण्याच्या आठवड्यात आणि निघण्याच्या आठवड्यात परिस्थिती वाचा, व्हेनेझुएलाकडच्या तणावाच्या बातम्यांसह.

लावेंटिल आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्व भागात जाऊ नका. अंधार पडल्यावर शहराच्या मध्यभागी आणि सव्हानावर पायी फिरू नका. सोन्याची साखळी, मंगळसूत्र घरी ठेवा. बायका यावर कुरकुरतात, पण काळे मणीही सोन्यातच गुंफलेले असतात ना. निर्जन किनाऱ्यावर गाडीत बॅग सोडू नका. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ८११. भारताचं उच्चायुक्तालय पोर्ट ऑफ स्पेनमध्येच आहे; पत्ता आणि फोन कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाइल गेला तर मोबाइलमधला नंबरही जातो.

निघताना

टीटी संपवायला विमानतळापेक्षा आदल्या दिवशीचं सुपरमार्केट चांगलं: मिरचीचं सॉस, कुचला, कोको, अँगोस्टुरा बिटर्स. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. विमानतळावरच्या दुकानातून रम घेतलीत तर ती सीलबंद पिशवीतच राहू द्या. वाटेतल्या विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी झाली तर पावती मागतात, आणि अमेरिकेमार्गे येत असाल तर सामान हाती येतं तिथेच ती बाटली मोठ्या बॅगेत टाकावी लागते. लशीचं पिवळं कार्ड मात्र मोठ्या बॅगेत टाकू नका, ते पासपोर्टलाच रबर लावून ठेवा.